मामाचा अर्ज

आमच्या मामाला माझ्या लिखाणाबद्दल फारसा आदर नाही. "तू लिहितोस ते छानच असतं रे, पण त्यानं होतं काय?" हा त्याचा कायमचा प्रश्न. त्यामुळे परवा त्याने फोन करून "एक अर्ज लिहून दे, तुझी भाषा बरी आहे" असं म्हटलं तेव्हा मी जरा फुशारलोच. अर्ज कशाचा, तर पूल उघडण्याचा.

आजोळच्या गावाजवळ नदीवर एक जुना दगडी पूल आहे. ब्रिटिशांच्या काळातला, कमानींचा. पूर्वी हायवे त्याच्यावरूनच जायचा. मग हायवे रुंद झाला, त्याने आपला रस्ता थोडा बदलला, नवा पूल काही किलोमीटर लांब झाला आणि हा जुना पूल आसपासच्या गावांच्या वाट्याला राहिला. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण नदी आणि नाव बदललं तर ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांची आहे. तर २०२५ च्या पावसाळ्यात राज्यात सगळीकडे जुन्या पुलांची तपासणी सुरू झाली, तेव्हा याही पुलाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी कमानी ठोकल्या गेल्या. दुचाकी, रिक्षा, छोट्या गाड्या जातात. बस, ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली बंद. शेजारी पाटी: "पूल धोकादायक. जड वाहनांस बंदी." बस अलीकडेच उभी राहते. मामीचे गुडघे गेलेले, ती पिशव्या घेऊन पूल चालत ओलांडते. घर बांधणाऱ्यांची खडी-वाळू लांबून वळसा घालून येते आणि भाड्याचा आकडा वाढतो.

"नव्वद वर्षं झाली, पुलाला काही झालं नाही, आणि आता हे शहाणे आले," असं मामाचं म्हणणं. मी हो म्हणालो. रात्री बसून दोन परिच्छेद खरडलेही. चांगले जोरदार. "ग्रामस्थांची होणारी परवड", "प्रशासनाची मनमानी" वगैरे सगळा दारूगोळा. आणि मग एक वाक्य लिहिलं, "सदर पूल गेली नव्वद वर्षे अनेक महापूर सोसून भक्कमपणे उभा आहे", आणि तिथेच थांबलो. हे वाक्य आधी कुठेतरी ऐकलेलं होतं.

सावित्रीच्या पुलाबद्दलही हेच म्हणता आलं असतं. २ ऑगस्ट २०१६ च्या संध्याकाळपर्यंत.

आमच्या नात्यातल्या लोकांना ती रात्र सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवर १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल होता. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नद्यांपैकी ही पश्चिमेकडे उतरणारी. वर घाटात पाऊस कोसळला की खाली काही तासांत पाणी चढतं. त्या रात्री नदीला पूर होता. अकरानंतर कधीतरी जुन्या पुलाचा मोठा भाग वाहून गेला. अंधार, मुसळधार पाऊस, आणि समोरचा रस्ता संपलाय हे कळायला काहीही मार्ग नाही. कोकणातून मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी बस आणि निदान एक खाजगी गाडी त्या खड्ड्यात गेली. चाळीसच्या आसपास माणसं गेली. काहींचे मृतदेह खाडीतून थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहत गेले, काहींचे मिळालेच नाहीत. बसचे सांगाडे शोधायला क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक बांधून नदीत सोडलं होतं, हे टीव्हीवर पाहिलेलं अनेकांना आठवत असेल. तरी ते सापडायला आठवड्याहून जास्त दिवस लागले.

पूल गेल्याचं पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? तिथेच जवळ गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका माणसाच्या. त्याने गाड्या थांबवल्या, पोलिसांना कळवायची धडपड केली. म्हणजे त्या राष्ट्रीय महामार्गावर त्या रात्री पुलावर नजर असलेला माणूस होता तो हा. त्याला त्याचा पगार मिळत नव्हता.

मी स्वतः त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलावरून आलो होतो. नदीकडे पाहिलंही नव्हतं. झोपलो होतो. आपण पुलाकडे पाहतो कधी? लहानपणी पूल आला की आजी पर्समधून नाणं काढून नदीत टाकायला लावायची, तेवढंच. तेही नदीसाठी, पुलासाठी नाही.

सावित्रीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. त्या जुन्या पुलाच्या शेजारी, अगदी हाकेच्या अंतरावर, दुसरा पूल उभा होता. नवा, रुंद, २००१ सालचा. गोव्याकडे जाणारी वाहतूक त्यावरून आणि मुंबईकडे येणारी जुन्यावरून, अशी विभागणी होती. दुर्घटनेनंतर दोन्ही बाजूंची वाहतूक त्याच एका पुलावरून सुरू झाली आणि पुढचे कित्येक महिने व्यवस्थित चालली. थोडी रांग लागायची, एवढंच. मग तीच व्यवस्था त्या एका रात्रीपुरती, पुराचं पाणी चढताना करता आली नसती का? त्याला ना निधी लागत होता, ना निविदा. दोन पोलीस, चार बॅरिकेड आणि "आज जुना पूल बंद" एवढं म्हणण्याचा अधिकार असलेला एक माणूस. पैसा कमी पडला असं मी म्हणूच शकत नाही, कारण नंतर नवा पूल सुमारे ३५ कोटी रुपयांत १६५ दिवसांत बांधून झाला आणि ५ जून २०१७ ला त्याचं उद्घाटनही झालं. कौतुकास्पदच आहे ते. पण १६५ दिवसांत पूल बांधू शकणारी व्यवस्था एका रात्रीत पूल बंद करू शकत नाही, यातच सगळं आलं.

त्या सुमारास एक गोष्ट सगळीकडे फिरत होती. ब्रिटनमधल्या कुठल्याशा कंपनीने "आम्ही बांधलेल्या पुलाची मुदत संपली, आता वापरू नका" असं पत्र आपल्या सरकारला पाठवलं होतं म्हणे. हीच गोष्ट मी देशातल्या निदान पाच-सहा पुलांबद्दल ऐकली आहे. प्रत्येक ठिकाणी सांगणाऱ्याच्या ओळखीतल्या कुणीतरी ते पत्र पाहिलेलं असतं. मला आता त्या पत्राच्या खरेखोटेपणाशी कर्तव्य नाही. आपल्याला ती गोष्ट इतकी का आवडते, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. मला वाटतं, त्या गोष्टीत एक टेबल असतं, टेबलामागे एक कारकून असतो, आणि त्याच्याकडे आपल्या पुलाची फाईल असते. दर वर्षी तो फाईल उघडून पाहतो आणि एक दिवस पत्र लिहितो. असा माणूस सातासमुद्रापलीकडे का होईना पण आहे, या कल्पनेनेच बरं वाटतं. कारण इथे आपल्याजवळ तो आहे असं आपल्याला मनातून वाटत नाही.

आणि ती गोष्ट एक चुकीची समजूतही पक्की करते. औषधाच्या पाकिटासारखी पुलावर "अमुक तारखेपूर्वी वापरा" अशी तारीख असते, ही. मी काही इंजिनिअर नाही. पण माझा मेहुणा सिव्हिलवाला आहे, आणि या विषयावर एकदा त्याला बोलता केला की जेवण थंड होतं. तो म्हणतो, पुलाचं वय विचारू नका, तब्येत विचारा. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा, म्हणजे सावित्रीच्या पुलापेक्षा एकच वर्षाने धाकटा. २००५, २०१९, २०२१ असे मोठे पूर त्याने अंगावर घेतले. कृष्णेचं पाणी किती चढलं हे सांगताना सगळे आयर्विन पुलापाशी किती फूट हेच सांगतात. तो उभा आहे. आणि गुजरातेतला महिसागर नदीवरचा गंभीरा पूल १९८५ चा, म्हणजे माझ्याहूनही लहान. ९ जुलै २०२५ च्या सकाळी त्याचा वरचा एक तुकडा निखळून गाड्यांसकट नदीत पडला आणि किमान २० माणसं मेली. तुटलेल्या टोकाशी लटकलेल्या टँकरचं ते छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं असेल. खांबाच्या डोक्यावर वरचा भाग जिथे टेकतो, तिथला सांधा चिरडला गेला असं सरकारच्या प्राथमिक तपासात निघालं. नव्वदीचा आजोबा ठणठणीत आणि चाळिशीचा नातू हृदयविकाराने गेला, असं आपल्या घरांतूनही होतंच की.

मग बिघडतं काय? मेहुण्याने मला समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो.

दगडी कमान ही मोठी भक्कम वस्तू. दगड दगडाला दाबून धरतो आणि त्या दाबावरच ती उभी राहते. त्यात गंजायला लोखंडच नाही. पण तिचे दोन शत्रू. एक म्हणजे वरून मुरणारं पाणी. ते सांध्यांतला चुना हळूहळू धुऊन नेतं, आणि त्या फटीत वड-पिंपळ रुजतात. आपल्याला वाटतं काय छान हिरवं दिसतंय. मुळं मात्र दगड सरकवत असतात. दुसरा शत्रू तळाशी. पुराचं पाणी खांबावर आपटलं की खाली वळतं आणि खांबाच्या पायथ्याशी भोवऱ्यासारखं फिरत वाळू-माती उकरतं. पूर जितका मोठा तितका खड्डा खोल. पाया उघडा पडला आणि खांब जरा कलला, की शेजारच्या दोन्ही कमानींचा आधार जातो, कारण त्या एकमेकींना रेटून उभ्या असतात. मग एक पडली की दुसरी, दुसरी पडली की तिसरी.

आणि यातली सगळ्यात भयंकर गोष्ट ऐका. पूर ओसरायला लागला की वाहून आलेली वाळू त्याच खड्ड्यात पुन्हा भरते. उन्हाळ्यात नदी आटल्यावर तुम्ही पाहायला गेलात, तर सगळं सपाट. खड्डा होता याची खूणही नाही. पण ती भरलेली वाळू भुसभुशीत. पुढच्या पुरात ती पहिल्या तासाभरात निघून जाते आणि नदी मागच्या वर्षी जिथे थांबली होती तिथून पुढे खोदते. त्यात जवळपास वाळूउपसा चालू असेल तर विचारायलाच नको, सगळं पात्रच खाली जातं.

सावित्रीचा पूलही मे महिन्यात तपासला होता आणि तेव्हा तो वाहतुकीला योग्य आढळला होता, असं सरकारने नंतर सांगितलं. मी यात कुणी खोटं बोललं असं म्हणत नाही. मे महिन्यात, कोरड्या पात्रात, पुलावर उभं राहून पाहिलं तर जे दिसायचं तेच दिसलं असेल. प्रश्न इतकाच आहे की वरून पाहिलेल्याला आपण तपासणी म्हणायचं का. डॉक्टरने नुसता चेहरा पाहून "तब्येत छान आहे" म्हटलं तर आपण दुसरा डॉक्टर गाठतो. पुलाच्या बाबतीत आपण कठड्याला दिलेला काळा-पांढरा रंग पाहून समाधान मानतो. पाण्याखाली पाणबुड्या उतरवून, खोली मोजून, आधीच्या वर्षीच्या मापाशी ताडून पाहणं हे खर्चाचं आणि कंटाळवाणं काम आहे. त्याचं उद्घाटन होत नाही. फीत कापता येत नाही.

वर आपण पुलावरचं ओझंही वाढवत नेतो. रस्ता खराब झाला की डांबराचा नवा थर, जुना न काढता. दहा-वीस वर्षांत पुलाच्या पाठीवर नुसत्या डांबराचंच ओझं साचतं. १९२८ साली ज्याने हिशेब केला त्याच्या डोळ्यांसमोर बैलगाड्या आणि त्या काळच्या लॉऱ्या असतील, आजचे बारा-चौदा चाकी ट्रक नाहीत. त्यात २०१८ साली केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांची कायदेशीर भारमर्यादा वाढवली. गाडी नवी असेल तर ती पेलेल. तिच्या खालच्या जुन्या पुलाला कुणी विचारलं?

हे सगळं ऐकून माझी पहिली प्रतिक्रिया तुमच्यासारखीच होती. पाडून टाका सगळे जुने पूल आणि नवे बांधा. पण नवा म्हणजे सुरक्षित असंही नाही. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर महामार्गाचा नवाकोरा उड्डाणपूल ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकाम चालू असतानाच कोसळला. आज नवा असलेला प्रत्येक पूल उद्या जुना होणारच आहे. गंभीरा पूल नवा होता तेव्हा १९८५ सालीही लोकांनी हेच म्हटलं असेल, आता चिंता मिटली. बांधणं ही आपल्याला जमणारी गोष्ट आहे. सांभाळणं जमत नाही. घरातही तसंच. फ्लॅट घेताना आपण कर्ज काढतो, पण गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येकी पाच हजार काढायचे म्हटले की सोसायटीची सभा रात्री बारापर्यंत चालते.

अमेरिकेत १५ डिसेंबर १९६७ ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. ४६ माणसं गेली. एका लोखंडी पट्टीतली बारीकशी चीर, कुणाला दिसणं शक्य नव्हतं अशी. पण त्यानंतर त्यांनी देशभरातल्या पुलांची तपासणी कायद्याने बंधनकारक केली. साधारण दर दोन वर्षांनी, ठरलेल्या पद्धतीने, शिकलेल्या माणसाकडून. आणि प्रत्येक पुलाला मिळालेले गुण लोकांना पाहता येतात. त्यानंतर तिथे पूल पडले नाहीत असं नाही. २००७ साली मिनीआपोलिसचा पडलाच, आणि तोही तपासणीत कमी गुण मिळवत आलेला होता. म्हणजे नुसती फाईल असून भागत नाही, ती वाचून कुणीतरी "बंद" म्हणावं लागतं. पण फाईल असेल तर निदान विचारता तरी येतं, की का नाही म्हणालात?

आपल्याकडेही सावित्रीनंतर दोनच महिन्यांत, ऑक्टोबर २०१६ मध्ये, केंद्राने देशातल्या लाखाहून अधिक पुलांची नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू केली. प्रत्येक पुलाला क्रमांक, त्याची स्थिती वगैरे. चांगलीच गोष्ट. पण तुम्ही मला सांगा, तुमच्या रोजच्या रस्त्यावरच्या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली, हे तुम्हाला माहीत आहे का? लिफ्टमध्ये सुद्धा तपासणीची तारीख आणि सही असलेला कागद चिकटवलेला असतो. रिक्षाला फिटनेसचा दाखला लागतो. पुलावर काय असतं? बांधला तेव्हा उद्घाटन कुणी केलं त्यांचं नाव. संगमरवरात.

इथपर्यंत सरकारला बोलून झालं. आता जरा आपल्याकडे. (मामा, हा परिच्छेद तुझ्यासाठी.)

१५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी साकव पडला. रविवार होता, पावसाळी सहलीची गर्दी होती. चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. तिथे धोक्याची पाटी होती. नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. लोक पाटीशेजारून पुलावर गेले, काहींनी दुचाकी घातल्या, फोटो काढत उभे राहिले. तिथे माझी मुलं असती तर मी त्यांना अडवलं असतं का? प्रामाणिकपणे सांगतो, बहुतेक नाही. सगळे जातायत म्हणजे चालत असेल, असं म्हणून गेलो असतो. एका पाटीवर आपला विश्वास नसतो, कारण आपल्याकडे पाट्या माणसांना वाचवायला लावत नाहीत, पाटी लावणाऱ्याला वाचवायला लावतात. उद्या काही झालं तर "आम्ही पाटी लावली होती" असं म्हणता यावं. हे लोकांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून पाटी खोटी मानली जाते, आणि कधीतरी ती खरी असते.

आणि पूल खरोखरच बंद केला की आपण काय करतो? अर्ज करतो. उघडा म्हणून. पुढाऱ्याला गाठतो, रास्ता रोको करतो, लोखंडी कमानीचे बोल्ट रात्रीत ढिले करतो. मग पूल बंद करायची सही करणारा अधिकारी कशाला सही करेल? बंद केला आणि तो पडला नाही, तर लोक शिव्या घालणार. उघडा ठेवला आणि पडला नाही, तर कुणी काही म्हणणार नाही. बहुतेक वर्षी पूल पडत नाहीतच. त्यामुळे बहुतेक वर्षी उघडा ठेवणाराच बरोबर ठरतो. फक्त एक वर्ष सोडून.

म्हणजे मामा, तुझ्या पुलावर ज्याने कुणी ती लोखंडी कमान ठोकली, त्याने सावित्रीच्या काठावर जे कुणी केलं नाही ते केलंय. त्याच्याविरुद्ध अर्ज मी कसा लिहू?

पण मामाही चूक नाही, हे मला मान्य आहे. पूल बंद करून जबाबदारी संपत नाही. धोकादायक ठरवलेला पूल वर्षानुवर्षं त्याच अवस्थेत ठेवून देणं, ना दुरुस्त करणं, ना पाडणं, ना पर्याय देणं, हीही एक प्रकारची बेपर्वाईच. फक्त तिच्यात माणसं एकदम मरत नाहीत. मामीसारखी रोज थोडी थोडी थकतात. आणि बंद पूल हा उघड्या पुलापेक्षा लवकर विसरला जातो. खालचा पिंपळ वाढतच राहतो.

अशा पुलांचं पुढे काय करावं, यावर माझं मत आता असं झालंय. सगळे पाडू नयेत आणि सगळे जपूही नयेत. ज्याचा पाया गेलाय तो पाडावा, तसाच उभा ठेवला तर कोसळताना शेजारच्या नव्या पुलालाही धक्का देईल. पण ज्याचा पाया शाबूत आहे, त्याचं ओझं कमी करून त्याला निवृत्ती द्यावी. भरूचला नर्मदेवरचा १८८१ सालचा गोल्डन ब्रिज शतकभराहून जास्त वाहतूक पेलत होता. २०२१ साली शेजारी नवा पूल झाल्यावर त्याच्यावरच्या गाड्या थांबल्या, तो तसाच उभा आहे. माणसांना चालायला, सायकलींना, संध्याकाळी कठड्याला टेकून गप्पा मारायला दगडी पुलासारखी जागा नाही. ज्या पुलाने आपल्या आजोबांना बाजाराला नेलं त्याच्यावरून शेवटपर्यंत ट्रकच न्यायला हवेत असं थोडंच आहे? म्हाताऱ्या माणसाला आपण घराबाहेर काढत नाही आणि त्याच्या डोक्यावर पोतंही देत नाही. ओटीवर बसवतो. फक्त ओटीवर बसवलेल्यालाही औषध वेळेवर द्यावं लागतं, हे विसरायचं नाही.

असो. अर्ज मी लिहिला. मामाला हवा होता तो नाही, पण लिहिला. "पूल उघडा" असं त्यात कुठेही नाही. पाच प्रश्न आहेत. एक, पुलाची तपासणी कोणत्या तारखेला झाली आणि पाण्याखालचा पाया पाहिला का? दोन, त्यात नेमकं काय आढळलं, तो अहवाल ग्रामपंचायतीत सगळ्यांना वाचायला ठेवाल का? तीन, दुरुस्त करणार, पाडणार की फक्त चालण्यापुरता ठेवणार, हे कोणत्या तारखेपर्यंत ठरवणार? चार, तोपर्यंत पुलाच्या अलीकडून आणि पलीकडून दोन लहान गाड्या जोडून फेरी चालवता येईल का? आणि पाच, पाणी अमुक खुणेच्या वर चढलं की दुचाक्यांनाही पूल पूर्ण बंद, असं ठरवून तशी ठळक खूण खांबावर रंगवाल का, आणि त्या रात्री पूल बंद करण्याचा अधिकार गावातल्या कुणाला तरी लेखी द्याल का? हा पाचवा प्रश्न मी त्या गॅरेजमधल्या माणसाला स्मरून लिहिला. खाली मामाची सही पहिली, आणि मग गावातल्या जितक्यांच्या मिळतील तितक्या.

मामाला फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, लाईन गेली. मग म्हणाला, "म्हणजे बस काय इतक्यात यायची नाही."

"नाही," मी म्हटलं. "इतक्यात नाही."

"आणि त्या अधिकाराच्या कागदावर नाव कुणाचं घालणार?"

मी म्हटलं, पुलाच्या अगदी जवळ घर असलेला, रात्री दोन-तीनदा उठणारा आणि गावात ज्याचं ऐकतात असा कुणीतरी हवा.

"रात्री मी उठतो दोनदा," मामा म्हणाला. "प्रोस्टेट आहे."

अर्ज सोमवारी जाईल. उत्तर आलं तर इथे लिहीनच. नाही आलं तर पंधरा दिवसांनी दुसरा अर्ज, माहिती अधिकारातला. तोपर्यंत तुम्हीही एक करा. पुढच्या वेळी गावाला जाताना पूल आला की झोपू नका. खिडकीतून जरा खाली पाहा. कमानीत पिंपळ उगवलाय का, कठडा कुठे सरकलाय का, पाणी खांबापाशी कसं वळतंय. काही दिसलं तर फोटो काढून कुणालातरी लेखी कळवा. आजीने टाकायला लावलेल्या नाण्याइतकं तरी ते पुलाचं आपल्याकडे लागतं.